कोरडा जॉइंट शोधा: जुना डिझेल ट्रक सकाळी स्टार्ट होत नाही तेव्हा

रात्री धडधाकट उभी केलेली गाडी सकाळी नुसतीच सेल्फवर फिरत राहते. हँड पंप मारला की कशीबशी उठते आणि मग दिवसभर काही तक्रार नाही. जुन्या ट्रकच्या मालकांना हे दुखणं पाठ असतं. ऊस वाहतुकीच्या हंगामात बंद केली तर पुन्हा उठायची नाही या धास्तीने कारखान्याच्या रांगेत तासन्‌तास इंजिन चालू ठेवणारे चालक दिसतात. त्यात जाळलेल्या डिझेलचा हिशोब कुणी मांडत नाही.

या दुखण्यावर सगळ्यात महाग उपाय सगळ्यात आधी होतो: इंजेक्शन पंप, म्हणजे इंजिनाला जोराच्या दाबाने डिझेल पुरवणारा पंप, उतरवा आणि कॅलिब्रेशनला (डिझेलचं माप जुळवायला) पाठवा. पंप परत येतो, बसवताना सगळे वॉशर नवे पडतात, एअर नीट निघते, गाडी काही दिवस बरी चालते आणि पुन्हा तेच. बऱ्याच वेळा दोष पंपात नसतोच. टाकी ते पंप या वाटेवर कुठेतरी हवा शिरत असते आणि जिथे ती शिरते तो जॉइंट बाहेरून ठणठणीत कोरडा असतो. तो शोधायला महागडी यंत्रं लागत नाहीत. हातभर पारदर्शक नळी, स्वच्छ डिझेलचा कॅन, साबणाचं पाणी आणि सवड एवढं पुरतं.

हे सगळं इनलाइन पंपाच्या (प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळा दट्ट्या एका ओळीत असलेल्या) जुन्या गाड्यांसाठी आहे: टाटाच्या ४०७, ७०९, १६१३ आणि लेलँडची कॉमेट या पिढीच्या, ज्यांच्या पंपाला कंपनीचं नाव २००८ मध्ये बदलून बॉश झालं तरी मेकॅनिक मंडळी आजही ‘मायको पंप’च म्हणतात. कॉमन रेलच्या, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच सामायिक दाबनळीतून डिझेल देणाऱ्या गाडीवर यातलं काही करू नका. तिच्या हाय प्रेशर पाइपात हजार बारच्या वर दाब असतो आणि तिथला नट ढिला करणं म्हणजे हात गमावण्याची तयारी.

डिझेलची वाट आधी डोक्यात बसवा

टाकीतल्या जाळीतून डिझेल पाइपाने फीड पंपाकडे येतं. फीड पंप इंजेक्शन पंपाच्या अंगालाच बसवलेला असतो आणि पंपाच्या आतल्या कॅमवर चालतो. त्याच्याच डोक्यावर हाताने मारायचा प्रायमर, म्हणजेच तो हँड पंप. तिथून डिझेल दोन फिल्टरमधून इंजेक्शन पंपाच्या गॅलरीत, म्हणजे त्याच्या आतल्या डिझेलच्या पोकळीत जातं. जास्तीचं डिझेल ओव्हरफ्लो वॉल्व्हमधून रिटर्न पाइपाने टाकीत परततं. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोझलमधून झिरपलेलं डिझेलही बारीक पाइपांनी त्याच वाटेला लागतं.

या वाटेत दाबाचे तीन प्रदेश आहेत आणि त्यांचा फरक कळला की अर्धं काम झालं. टाकीपासून फीड पंपापर्यंत ओढ असते, म्हणजे दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी. फीड पंपापासून इंजेक्शन पंपापर्यंत साधारण १ ते दीड बार दाब असतो. इंजेक्शन पंपाच्या पुढे नोझल उघडायलाच २०० बारच्या आसपास दाब लागतो.

दाबाच्या बाजूला फट असेल तर चालू गाडीत डिझेल बाहेर येतं, धूळ चिकटते, डाग दिसतो. ओढीच्या बाजूला फट असेल तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. चिरलेल्या नळीने शहाळं प्यायल्यासारखं: तोंडात पाण्याऐवजी हवाच जास्त येते, पण नळी बाहेरून ओली होत नाही. म्हणून ‘कुठे लीकेज दिसत नाही, म्हणजे लाइन ठीक’ हा निष्कर्ष चुकीचा.

आणखी एक गोष्ट. रात्रीत डिझेल टाकीत उतरतं असं आपण म्हणतो, पण पाइप सगळीकडून हवाबंद असेल तर ते उतरूच शकत नाही. बाहेरच्या हवेचा दाब डिझेलचा १२ मीटर उंचीचा स्तंभ तोलून धरू शकतो आणि ट्रकमध्ये टाकी ते पंप उंची फार तर मीटरभर. तेव्हा डिझेल उतरलं, याचा अर्थ त्याची जागा घ्यायला कुठूनतरी हवा आत आली. नुसता नॉन रिटर्न वॉल्व्ह (डिझेल मागे जाऊ न देणारा) टाकून गाडी उठती करणारे कारागीर आहेत. तो टाकला तर लक्षण दबतं, भोक तसंच राहतं आणि घाटात लोडवर गाडी गचके खायला लागते.

पाना हातात घेण्याआधी

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, न्यूट्रलला, चाकांना ओट (अडवायला ठोकळे) लावून. बिडी-सिगारेट लांब. फुटपाथच्या उतारावर पाठीवर झोपून हे काम करू नये.

मग चालकाला विचारा, किंवा चालक तुम्हीच असाल तर स्वतःला नीट आठवून सांगा. त्रास फक्त सकाळी होतो की गरम गाडीलाही? टाकी भरलेली असताना होतो का? तोंड चढावर करून उभी केली की जास्त होतो का? फिल्टर बदलल्यापासून सुरू झाला का?

या उत्तरांत पुष्कळ काही असतं. टाकी भरलेली असताना गाडी झटकन उठते आणि पाव टाकीवर त्रास देते, तर टाकीच्या आत उभ्या असलेल्या ओढ-पाइपाला चीर किंवा गंजाचं भोक आहे असा संशय घ्या. डिझेल भोकाच्या वर असतं तोवर तिथून हवा येत नाही, पातळी खाली गेली की येते. हा दोष फार छळतो, कारण मेकॅनिककडे नेताना माणूस आदल्या दिवशी टाकी भरून नेतो आणि गाडी तिथे शहाण्यासारखी वागते. तोंड चढावर असताना त्रास वाढत असेल तर तो डिझेल उतरण्याकडेच बोट दाखवतो, कारण तेव्हा टाकी इंजिनच्या मानाने आणखी खाली जाते. फिल्टर बदलल्यानंतर सुरू झाला असेल तर फिल्टर पुन्हा उघडा. जुनं पॅकिंग बैठकीला चिकटून राहिलं आणि त्यावर नवं बसवलं गेलं, हा प्रकार वाटतो त्याहून जास्त वेळा घडतो.

आणि उलटं लक्षण: थंड गाडी एका सेल्फमध्ये उठते, पण दोनशे किलोमीटर पळवून चहाला थांबलं की उठत नाही. ही हवेची गोष्ट नाही. गरम डिझेल पातळ होतं, झिजलेल्या एलिमेंटच्या (पंपात दाब तयार करणाऱ्या दट्ट्याच्या) फटीतून निसटतं आणि सेल्फच्या कमी वेगावर पुरेसा दाब तयार होत नाही. रोटरी पंपाच्या छोट्या गाड्यांत हे जास्त दिसतं. पंपावर ओलं फडकं टाकून तो निवू द्या. निवल्यावर उठली तर पंपाचं खरोखरच दुरुस्तीचं काम निघालं आहे. गरम पंपावर बादलीभर पाणी मात्र ओतू नका.

सेल्फ, धूर आणि स्टॉप केबल

आधी स्टॉप केबल, म्हणजे इंजिन बंद करायला ओढायची तार. ती गंजून अर्धवट ओढलेल्या जागी अडकली की पंपाचा रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी पट्टी) बंद स्थितीतच राहतो, मग कितीही एअर काढा. पंपावरचा लिव्हर हाताने हलवून पूर्ण मागे येतो का पाहा.

मग बॅटरी. डिझेल इंजिन स्पार्कवर नाही, दाबून तापलेल्या हवेवर पेटतं, आणि सेल्फ सुस्त फिरला तर हवा पुरेशी तापत नाही. सेल्फ मारताना १२ व्होल्टच्या गाडीत मीटर साडेनऊच्या खाली, २४ व्होल्टच्या गाडीत १९ च्या खाली जात असेल तर आधी बॅटरी, टर्मिनल आणि चासीची अर्थिंग बघा. सेल्फ एका वेळी १० ते १५ सेकंदच मारा आणि मध्ये मिनिट-दोन मिनिटं थांबा.

सेल्फ जोमात फिरतोय, तर मदतनिसाला सायलेन्सरकडे उभा करा. अजिबात धूर नाही याचा अर्थ सिलिंडरपर्यंत डिझेल पोचतच नाही, आणि आपला शोध तिथेच सुरू होतो. भरपूर पांढरा धूर येतो पण गाडी पकडत नाही, तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही: कॉम्प्रेशन, टायमिंग, गळका नोझल किंवा डिझेलमधलं पाणी. काळा धूर असेल तर एअर क्लीनर उघडून बघा.

या टप्प्यावर बरेच जण पेट्रोलचा बोळा एअर क्लीनरच्या तोंडाशी धरतात. गाडी उठतेही. पण ठोका बसून पिस्टन, रिंगा आणि हेड गॅस्केट यांचं आयुष्य कमी होतं, इनटेकला हीटर असलेल्या गाडीत आग मागे येते, आणि निदानाच्या दृष्टीने हाती शून्य लागतं.

हँड प्रायमरची परीक्षा

ही तपासणी फुकट आहे आणि सगळ्यात जास्त बोलते. गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी सेल्फला हात लावायच्या आधी प्रायमरची मूठ फिरवून मोकळी करा आणि मारायला लागा. दोन-चार दणक्यांत मूठ कडक झाली तर लाइन भरलेली आहे. वीस-पंचवीस दणके पोकळ गेले आणि मग कडक झाली तर रात्रीत लाइन रिकामी झाली. आता सेल्फ मारा. लगेच उठली तर निदान जवळपास पक्कं: पंप, नोझल, कॉम्प्रेशन यांना सोडा, हवा शोधा.

मूठ कडक होतच नसेल तर दोन शक्यता. एक तर ओढीच्या बाजूला मोठी फट आहे, नाहीतर फीड पंपाचे आतले वॉल्व्ह बसत नाहीत. त्यांच्या खाली कचऱ्याचा एक कण किंवा मोडकी स्प्रिंग एवढंही पुरतं. फीड पंप उघडून साफ करणं तासाभराचं काम आहे.

एअर काढायचा क्रम असा. पहिल्या फिल्टरचा एअर स्क्रू ढिला करून फेस जाऊन सलग डिझेल येईपर्यंत प्रायमर मारा, डिझेल वाहत असतानाच स्क्रू आवळा. मग दुसरा फिल्टर, मग पंपाच्या गॅलरीचा स्क्रू. एवढ्यावरही उठत नसेल तर दोन नोझलवरचे पाइपाचे नट थोडे ढिले करून सेल्फ मारा, डिझेलचे ठिपके उडायला लागले की आवळा. हात आणि तोंड नोझलच्या फवाऱ्यासमोर कधीही आणू नका. तो फवारा कातडीतून आत शिरतो, बाहेर बारीक टोचल्याएवढी खूण दिसते आणि आत बोट सडायला लागतं. तसं झालं तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना.

शेवटी प्रायमरची मूठ पूर्ण आवळून बसवा. मोकळी राहिलेली मूठ किंवा तिचा झिजलेला रबर हेच हवा आत घेण्याचं ठिकाण असू शकतं. ही पाच सेकंदांची गोष्ट आहे आणि ती विसरली जाते.

पारदर्शक नळी

हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी पारदर्शक नळी, गाडीच्या पाइपाच्या मापाची, दोन चांगल्या क्लिपांसह. ही फक्त तपासणीपुरती; डिझेलने ती कडक पडते, गाडीला कायमची ठेवू नये.

पहिल्यांदा ती फीड पंपाच्या तोंडाशी, म्हणजे टाकीकडून येणाऱ्या पाइपाच्या शेवटी जोडा. एअर काढून गाडी चालू करा. सुरुवातीचे बुडबुडे जोडकामातले, ते सोडून द्या. पाचेक मिनिटांनंतरही बुडबुड्यांची माळ चालूच असेल, रेस दिल्यावर ती दाट होत असेल, तर भोक टाकी आणि नळी यांच्यामध्ये आहे. इथे डिझेल स्वच्छ दिसतं, पण फीड पंपाच्या पुढे नळी लावल्यावर बुडबुडे दिसतात, तर हवा फीड पंपातच शिरते: प्रायमरचा रबर, बॅन्जो बोल्टचे (पाइप जोडायच्या पोकळ बोल्टचे) वॉशर किंवा पंपाची बॉडी.

दोन्हीकडे स्वच्छ दिसलं तर गाडी बंद करून, नळी तशीच ठेवून, डिझेलच्या पातळीवर मार्करने खूण करा आणि सकाळी पाहा. चालू गाडीत फटीतून हवा दिसत नाही आणि रात्रभरात मात्र मुंगीच्या पावलाने शिरते, असंही होतं.

कॅनवर गाडी चालवून बघणं

टाकीकडून येणारा पाइप फीड पंपापासून सोडवा. त्या जागी दुसऱ्या नळीने स्वच्छ डिझेलचा कॅन जोडा. कॅन टाकीच्याच उंचीला ठेवा आणि रिटर्नही कॅनमध्येच सोडा, नाहीतर कॅन बघता बघता रिकामा होतो. गाडी अशीच रात्रभर ठेवली आणि सकाळी एका सेल्फमध्ये उठली, तर टाकी, जाळी, चासीवरून येणारा पाइप यांतच दोष. त्रास तसाच राहिला, तर तो फीड पंपात किंवा त्याच्या पुढे.

आता या कॅनची दुसरी करामत. त्याला इंजिनपेक्षा उंच, केबिनच्या पायरीच्या वर कुठेतरी पक्का बांधा आणि गाडी बंद ठेवून रिटर्नची रबरी नळी चिमट्याने दाबा. आता ओढीच्या बाजूलाही आतून दाब आला. जो जॉइंट हवा आत घेत होता तो डिझेल बाहेर टाकायला लागतो. सगळे जॉइंट आधी फडक्याने कोरडे पुसा, कागदाची घडी प्रत्येकाखाली धरा आणि अर्धा तास वाट बघा.

चासीवरचा लांब पाइप तपासायचा तर तो दोन्ही टोकांना सोडवा, एक टोक बुचाने बंद करा, दुसऱ्या टोकाला सायकलचा पंप लावा आणि पाइपभर साबणाचं पाणी लावत जा. क्लॅम्पखाली पाइप घासून पातळ होतो, तिथे खास लक्ष द्या. अर्ध्या बारच्या वर हवा देऊ नका, आणि टाकीला थेट कॉम्प्रेसर तर कधीच नको. टाकी फुगून शिवणीवर फाटते.

तिसरी वाट: रिटर्न

ओढीची बाजू निर्दोष निघाली तरी डिझेल उतरतंय? ओव्हरफ्लो वॉल्व्ह पाहा. त्यातली गोळी आणि स्प्रिंग गाडी बंद झाल्यावर रिटर्नची वाट बंद करतात. स्प्रिंग मोडली किंवा गोळीखाली कचरा अडकला की ही वाट उघडी राहते. रिटर्न पाइपाचं टोक टाकीत डिझेलच्या वर असेल तर त्यातून हवा वर चढते आणि डिझेल ओढीच्या पाइपाने खाली उतरतं. बाहेरून सगळं कोरडं, सगळे जॉइंट पक्के, आणि सकाळी गाडी मुकी. वॉल्व्हच्या जागी साधा बोल्ट लावून काम भागवलेल्या गाड्याही रस्त्यावर आहेत.

प्रेशर गेज कधी लावायचं

गाडी उठते, पण चढावर दम तोडते किंवा रेस दिल्यावर बसते, तेव्हा. ० ते ४ बारचं गेज फिल्टरच्या पुढे, पंपाच्या गॅलरीच्या तोंडाशी टी जोडून लावा. ए टाइप पंपात आयडलला बारभर आणि रेसला दीडच्या आसपास दिसलं तर समाधान मानावं. मोठ्या पी टाइप पंपाला याहून जास्त लागतं, तिथे गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा खरा.

काटा खाली असेल तर रिटर्नची रबरी नळी क्षणभर दाबा. काटा झटकन वर चढला तर फीड पंप ठणठणीत आहे, ओव्हरफ्लो वॉल्व्ह दाब सोडतोय. चढला नाही तर गेज फिल्टरच्या अलीकडे लावा. तिथे दाब चांगला आणि पुढे कमी, तर फिल्टर चोंदलेला. दोन्हीकडे कमी, तर फीड पंप अशक्त किंवा मागची वाट अडलेली. मागची वाट अडल्याची सोपी परीक्षा म्हणजे टाकीचं झाकण: गाडी दम तोडेल तेव्हा ते उघडा. सूं असा आवाज होऊन गाडीला जीव आला तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. नाहीतर जाळी काढून धुवा. ड्रममधून डिझेल भरणाऱ्या गाड्यांच्या जाळीवर तळाचा गाळ बसतो आणि पावसाळ्यात त्यात पाण्याची भर पडते.

फीड पंप उघडलाच आहे तर ऑइलची डिपस्टिकही बघा. फीड पंपाच्या दांड्याचा सील गेला की डिझेल इंजेक्शन पंपाच्या कॅम बॉक्समध्ये आणि तिथून इंजिन ऑइलमध्ये जातं. पातळी आपोआप वाढलेली, ऑइल पातळ आणि डिझेलचा वास, असं दिसलं तर ऑइल बदलेपर्यंत गाडी चालवू नका. बेअरिंगं जातील.

जोडताना

बॅन्जो बोल्टचे तांब्याचे वॉशर दोन्ही बाजूंचे नवे टाका. अगदीच आडगावात असाल तर जुना वॉशर लाल तापवून पाण्यात बुडवा, मऊ पडतो, एकदा निभावतो. टेफ्लॉन टेप इंधनाच्या लाइनला लावू नका. तिचे धागे सुटून फीड पंपाच्या वॉल्व्हखाली जाऊन बसतात. रबरी पाइपावर क्लिपऐवजी आवळलेली तार दिसली तर ती आधी काढा. तार दोन ठिकाणी चावते आणि मधे फट सोडते. रबर डिझेलच्याच प्रतीचं घ्या. एम-सील किंवा साबणाचा तुकडा गळक्या टाकीला गावापर्यंत पोचवतो, ओढीच्या पाइपावर त्याचा भरवसा धरू नये.

एवढं सगळं होऊनही सेल्फवर नोझलच्या नटाशी जोमदार ठिपके येत नसतील, तर आणि तरच पंप उतरवा. दुकानात देताना ‘स्टार्टिंग प्रॉब्लेम’ एवढंच सांगू नका. गॅलरीत दाब किती मिळाला, थंडला त्रास की गरमला, काय काय तपासून झालं, हे कागदावर लिहून द्या आणि सेल्फच्या वेगावर प्रत्येक एलिमेंट किती डिझेल देतो ते समोर मोजून दाखवायला सांगा. उतरवण्याआधी टायमिंगच्या खुणा जुळवून रंगाने पक्क्या करून ठेवा.

काम पुरं झालं की गाडीची परीक्षा कठीण घ्या. टाकी पाव, तोंड चढावर, चाकांना ओट, रात्रभर उभी. सकाळी प्रायमरला हात न लावता सेल्फ मारा.